रंगरावांची शिंगं आणि पाणवठ्याचं फाटक

एका जंगलात, बाळांनो, पाणवठा एकच होता आणि शहाणे मात्र ढीगभर. माकडं नावं बदलून पुन्हा पुन्हा पाणी पीत. म्हणून सिंहमहाराजांनी तिथे फाटक बसवलं आणि प्रत्येकाची पक्की ओळख ठरवायचं काम कोल्हेसाहेबांवर सोपवलं. कोल्हेसाहेबांचं शिक्षण शहरातल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या उकिरड्यावर झालं होतं.

"शहरात कॉम्प्युटरला नाव विचारत नाहीत," ते म्हणाले. "पोटातले भाग तपासतात आणि त्यावरून सॉफ्टवेअर नंबर काढतं. आपण फाटकावर यंत्र बसवून अंगावरचे भाग तपासू."

रंगराव सांबर हरखले. त्यांच्यासारखी डौलदार शिंगं जंगलात कुणाचीच नव्हती.

"माझा नंबर शिंगांवरूनच काढा," ते म्हणाले. "शेपटीबिपटी मध्ये आणू नका."

"अहो, शेपटीही घेऊ द्या," त्यांची बायको सगुणाबाई म्हणाली. पण ऐकतो कोण.

सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, हे रंगरावांना माहीत नव्हतं असं नाही. कौतुकाच्या भरात राहून गेलं, इतकंच. चैत्र आला आणि शिंगं गळाली. घसा कोरडा पडलेले रंगराव फाटकावर गेले, तर पहाऱ्यावरच्या अस्वलाने अडवलं.

"कोण आपण?"

"अरे, मी रंगराव. काल नाही का आपण गप्पा मारल्या?"

"आवाज तोच आहे," अस्वल म्हणालं. "पण नंबर लागत नाही."

"हे आमचेच आहेत हो भावजी," सगुणाबाई कळवळून म्हणाली.

"असतील वहिनी. पण नवरा ओळखायची सोय यंत्रात नाही."

कोल्हेसाहेबांना बोलावलं. रंगरावांनी विचारलं, "शहरात कॉम्प्युटरचा भाग बदलला, तर काय करतात?"

"नवा कॉम्प्युटर आला असं समजतात."

"आणि जुना?"

"तो हरवला असं समजतात. आणि नव्या जनावरांची नोंदणी पावसाळ्यानंतर."

पावसाळ्यापर्यंत जगायचं कसं? रंगरावांना रडूच आलं. मग एकदम सुचलं. ते धावत रानात गेले आणि गळलेली शिंगं तोंडात धरून घेऊन आले.

यंत्र खुशीत वाजलं. अस्वलाने वाकून नमस्कार केला, शिंगं अलगद उचलली आणि पाण्याच्या काठावर नेऊन ठेवली.

"प्या रंगराव, पोटभर प्या," ते शिंगांना म्हणालं. मग मागे वळून म्हणालं, "पाहुणे, तुम्ही बाहेर थांबा."

शिंगं पाणी पिईनात. अस्वल काळजीत पडलं. रंगराव आजारी दिसतायत, असं सिंहमहाराजांच्या कानावर गेलं. शेवटी कोल्हेसाहेबांनी तोडगा काढला. रंगरावांची ने-आण करायला या पाहुण्यालाच हमाल नेमावं आणि हमालाने काठावर दोन घोट घ्यावेत. हमालाची ओळख त्याच्या शेपटीवरून ठरली.

तेव्हापासून रंगराव रोज स्वतःला तोंडात धरून पाण्यावर नेतात. फाटकावर शिंगांना नमस्कार मिळतो. हमालाला मात्र अस्वल बजावतं, "सांभाळून धर रे, साहेबांना ओरखडा उठेल."

तात्पर्य : बाळांनो, आपली ओळख कायम राहावी असं वाटत असेल, तर जिवंत राहण्याचा हट्ट सोडावा. जिवंत जनावर बदलतं, आणि त्याने यंत्राला उगाच त्रास होतो.