सासऱ्यांची हरकत

सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून त्यांना काम दिलं, असं सून सांगत होती. खरी अडचण तिचीच होती. ग्रंथालयांना फुकट वापरता येणाऱ्या एका सॉफ्टवेअरची ती हौसेनं देखभाल करायची आणि तिथला नियम कडक होता: आपला बदल आपणच मंजूर करायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. नियम तिनेच केलेला. आणि तपासणारी मैत्रीण नेमकी फोन बंद करून डोंगर चढायला गेलेली.

इकडे एका ग्रंथालयाच्या बाई हवालदिल झाल्या होत्या. परत आलेली पुस्तकंसुद्धा 'बाहेर आहेत' असं संगणक ठणकावून सांगत होता आणि उद्या सकाळी शाळेची मुलं पुस्तकं न्यायला येणार होती. "संध्याकाळपर्यंत नक्की," असा शब्द सून देऊन बसली होती. दुरुस्ती तयार होती, मैत्रिणीने ती पाहून ठेवलेली, फक्त मंजुरीचं बटण दाबायचं राहिलं होतं. त्यातच कुणा परोपकारी अनोळखी माणसानं टिपांमधलं शुद्धलेखन सुधारून पाठवलं. टिपा म्हणजे आज्ञांच्या शेजारी माणसांसाठी लिहिलेली वाक्यं. संगणक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सुनेनं दोन्ही बदल एकाच गाठोड्यात बांधले. 'एक बदल, एक गाठोडं' असं साऱ्या जगाला बजावणारी ती, पण घाई झाली की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते.

"बाबा, शुद्धलेखन तेवढं बघा आणि हे हिरवं बटण दाबा. झालं."

"बघेन, मग दाबायचं की नाही ते ठरवेन," सासरे म्हणाले. त्यांचा जन्म लिफ्टची तपासणी करण्यात गेला होता. त्यांच्या शेऱ्यापायी जिने चढलेली माणसं अजूनही रस्त्यात त्यांना ओळख देत नसत.

बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. मग सासरे खुर्चीत पुढे सरकले.

"'ही सोय तात्पुरती आहे.' शब्द सुधारलाय बरोबर. पण लिहिलंय कधी?"

"माझ्या लग्नाआधी. एका शाखेतून नेलेलं पुस्तक दुसऱ्या शाखेत परत करता यावं म्हणून."

"नातू शाळेत जायला लागला, तरी तात्पुरती? हे वाक्य खोटं आहे." आणि त्यांनी हरकतीचं लाल बटण दाबलं.

"बाबा! हरकत कशाला घेतलीत? संगणक वाचतसुद्धा नाही ते!"

"'फक्त सहा माणसे' ही पाटी लिफ्ट तरी कुठे वाचते? म्हणून पाटीवर काहीही लिहायचं का?"

घोडं इथेच पेंड खायला लागलं. नवरा स्वयंपाकघरातून डोकावला. "अगं, काढून टाक ना ती हरकत."

"घेणाऱ्यानेच काढायची असते. आणि तोवर गाठोडंही सोडायचं नसतं," सून पुटपुटली. हाही नियम तिचाच.

"मग विसर. बाबांनी एकदा आमचीच लिफ्ट बंद केली होती. आम्ही पाचव्या मजल्यावर राहायचो."

सुनेनं पदर खोचला. तात्पुरती सोय काढून पक्की बसवायची, म्हणजे प्रश्नच मिटला! तिनं ती बसवली आणि सरावाच्या प्रतीवर चालवून पाहिली. लेखकांची यादी उलटी झाली. यादी सरळ केली तर उशिराचा दंड पुस्तक आणण्याआधीच लागू लागला. दंड आवरला, तर वाचकांचीच नोंद पुस्तकं म्हणून झाली आणि ग्रंथपालबाई 'फाटलेल्या, बांधणीला दिलेल्या' ठरल्या. तेवढ्यात खुद्द त्यांचाच फोन आला.

"ताई, होईल ना हो?"

"होतंय, होतंय!" सून म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसली. तिला रडू यायचंच बाकी होतं. शब्द दिला होता, आणि बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

सासऱ्यांनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"बाबा, जुनंच बरं होतं हो. इतक्या वर्षांत एकदाही बंद पडलं नाही."

"मग तसंच लिही की."

सुनेनं कप बाजूला सारला. मग तिनं दिवसभराची सगळी मेहनत पुसली, जुनी सोय जशीच्या तशी परत आणली आणि टिपेत एकच शब्द बदलला: 'ही सोय कायमची आहे.'

सासऱ्यांनी वाक्य दोनदा वाचलं. "आता खरं आहे," म्हणत त्यांनी हरकत काढली आणि हिरवं बटण दाबलं. दिवे लागायच्या आत नवी आवृत्ती बाहेर पडली. "ताई, सगळी पुस्तकं घरी आली!" ग्रंथपालबाई फोनवर अक्षरशः ओरडल्या. सुनेला इतका आनंद झाला की तिनं नवऱ्याची करपलेली भाजीही दुसऱ्यांदा वाढून घेतली.

जेवणं चालू असतानाच कुठल्याशा लांबच्या गावाहून एक संदेश आला. सुनेनं तो मोठ्यानं वाचला.

"'या सोयीवर आम्हाला फिरतं ग्रंथालय उभारायचं होतं. पण तात्पुरती आहे म्हणून कित्येक वर्षं हात लावायचा धीर झाला नाही. आज कायमची झालेली पाहिली. उद्यापासून काम सुरू! आजवरच्या सगळ्या आवृत्त्यांतला सर्वांत मोलाचा बदल.'"

सुनेनं फोन ताटाशेजारी ठेवला. रात्र रात्र जागून तिनं केलेल्या बदलांबद्दल आजवर कुणी असं चार ओळींचं लिहिलं नव्हतं. मग तिला हसू फुटलं ते थांबेचना. नवराही हसायला लागला.

सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी हात पुसले, फोन मागून घेतला आणि संदेश सावकाश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"यात काही खोटं नाही," ते म्हणाले. "हिरवं बटण कुठंय याचं?"