पिवळे मोजे

रंगारी दवाखान्यात आले ते आपल्या पायांनी. हाताची जखम चिघळली होती, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं. हेड सिस्टरने नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, वर्षभरात कधी पडलात का?"

जन्म परांचीवर उभं राहून भिंती रंगवण्यात गेला, कधी तोल गेला नव्हता. पण खोटं बोलायची सवयही नव्हती.

"एकदा. पलंगावरून, झोपेत."

झालं! मनगटावर पिवळी पट्टी आली, पायांत न घसरणारे पिवळे मोजे आले आणि माणूस उठला की किंचाळणारी चटई अंगाखाली आली.

"सिस्टर आल्याशिवाय उठायचं नाही. बेल वाजवायची."

बेल वाजवली की सिस्टर येत. कधी, ते विचारायचं नाही. दारावर मात्र झोकात पाटी होती : या वॉर्डात वर्षभरात एकही रुग्ण पडलेला नाही.

जखम भरली. आता घरी सोडण्याआधी तोलाची परीक्षा : खुर्चीतून उठायचं, खुणेपर्यंत चालायचं, वळून परत येऊन बसायचं. पलंगावर पडून राहून रंगाऱ्यांचे पाय कापसाचे झाले होते. त्यात मोजे दोन मापांनी मोठे. वळताना मोज्याची टाच पावलावर आली आणि ते थेट फिजिओथेरपिस्ट बाईंच्या अंगावर गेले.

"धोका वाढलाय," बाई म्हणाल्या. पलंगाचे कठडे वर चढले.

पुढच्या परीक्षेला खुर्चीवरही ती चटई होती. रंगारी उठले, चटई किंचाळली, ते दचकून मटकन खाली बसले. बाईंनी नोंद केली : उभं राहवत नाही.

भेटीच्या वेळी बायको वैतागली. "अहो, हाताचं दुखणं पायात कसं उतरलं?"

"इथं उतरवून देतात."

"थट्टा पुरे! घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी काय पाठुंगळीला मारून नेऊ तुम्हाला?"

रंगारी हसले नाहीत. आले तसंच चालत घरी जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्या संध्याकाळी कठडा धरून त्यांनी उठाबशा काढायला घेतल्या. चटई किंचाळली, दोन सिस्टर धावल्या आणि तेही बंद झालं.

शेवटच्या परीक्षेत तर त्यांना खुर्चीतून उठताच आलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी घरी जायचा कागद हातात पडला.

"म्हणजे पास झालो?"

फिजिओथेरपिस्ट बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. हेड सिस्टर म्हणाली, "काका, तुम्ही आता कुठल्याही क्षणी पडाल."

"मग सोडताय कसे?"

"म्हणूनच. घरी पडलात तर ते आमच्यात धरत नाहीत."

फाटकापर्यंत चाकाची खुर्ची मिळाली. तिथे ती परत घेतली. मोजेही वॉर्डाचेच होते, तेही काढून घेतले. रिक्षावाल्याने त्यांना उचलून घराच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवलं आणि तो निघून गेला.

बायकोने पदर खोचला, हात पुढे केला. "चला, उठा."

रंगारी उठले नाहीत. भिंतीवर हात फिरवत ते बेल शोधत होते.