नॉर्बर्टची शिकार आणि दारावरचं कडं

"त्यात काय एवढं? एक कडं, चार पानं आणि थोडा गोंद!"

हे वाक्य नॉर्बर्ट क्लुगेने सोफ्यावर आडवं पडून, पाय स्टुलावर ठेवून, फुटबॉलची मॅच बघता बघता उच्चारलं. (बायकोच्या कामाबद्दलची अशी मौलिक मतं नवऱ्यांना उभं असताना का सुचत नाहीत, देव जाणे.) त्याची बायको मार्लिस तेव्हा जेवणाच्या टेबलावर वेलींची रिंग, लाल-शेंदरी कापडी पानं, थर्मोकोलचे सुपारीएवढे भोपळे आणि रिबिनीचं रीळ मांडून बसली होती. पानगळ सुरू झाली की तोरणासारखं असं गोल कडं करून ती दर्शनी दारावर लावायची. त्यांच्या गल्लीत सगळ्यांच्याच दारावर असायचं. ज्याच्या दारावर नसेल त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय, असं लोक धरून चालायचे.

मार्लिसने कात्री खाली ठेवली. ही धोक्याची खूण होती. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला ती कळायला हवी होती, पण मॅच रंगात आली होती.

"खरंय तुझं," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "मग यंदा तूच कर."

"मी?"

"एक कडं, चार पानं, थोडा गोंद. रविवारी आई जेवायला येतेय. तिने दारात उभं राहून नुसतं 'छान' म्हटलं ना, तर तू खुशाल शिकारीला जा. नाही म्हटलं, तर शिकारीच्या शनिवारी तू माझ्याबरोबर चर्चमध्ये. टेबलं उचलायला."

नॉर्बर्टने मॅचचा आवाज बंद केला. हरणाच्या शिकारीचा पहिला शनिवार म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सणच. त्या दिवशी कुणी लग्न ठेवत नाही, ऑपरेशन ठेवत नाही, आणि शक्यतो मरतही नाही. गावातले झाडून सगळे पुरुष जंगलात जातात. मागे राहिलेल्या बायका स्वतःला 'हरणविधवा' म्हणवून घेत चर्चच्या तळघरात हस्तकलेचा बाजार भरवतात. तिथे पुरुष दिसलाच तर तो एक तर पाद्री, नाही तर प्लंबर. आणि नॉर्बर्ट? मित्राच्या, म्हणजे लेरॉयच्या, जंगलातल्या खोपटात खिडकीजवळची खाट त्याची ठरलेली. विम्याच्या ऑफिसात वर्षभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघत हा गडी त्या खाटेसाठीच तर जगत होता!

पण माघार घेतील तर ते नॉर्बर्ट कसले.

सासूबाई यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मार्लिसने गोंद वितळवून सोडणारी ग्लू गन त्याच्या हातात दिली. "जपून. गोंद गरम असतो."

"बंदूक कशी धरायची ते मला शिकवू नकोस," नॉर्बर्ट म्हणाला आणि पहिलं पान शर्टाच्या बाहीला चिकटवलं. दुसरं अंगठ्याला चिकटलं. तिसरं मात्र रिंगवर बरोबर बसलं. फक्त ती रिंग खालच्या टेबलक्लॉथला चिकटली, आणि तो टेबलक्लॉथ सासूबाईंनी स्वतः विणलेला. मार्लिस खुर्चीत मासिक चाळत बसली होती. मदत करायची नाही हे तिने ठरवलं होतं, बोलायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं.

"कोण गेलं?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"म्हणजे?"

"नाही, थडग्यावर ठेवतात तसं दिसतंय, म्हणून विचारलं."

नॉर्बर्ट हट्टाला पेटला. आणखी पानं, आणखी भोपळे आणि गोंद तर असा ओतला की खड्डे बुजवणाऱ्या कंत्राटदारालाही लाज वाटावी. संध्याकाळपर्यंत कडं चांगलं उशीएवढं जाड झालं. पण खरं ते खरं सांगायला हवं, दिसायला ते बरं दिसत होतं. नॉर्बर्टने ते दारावर टांगलं, रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं, परत येऊन जवळून पाहिलं. त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्याने लेरॉयला फोन करून खाट राखून ठेवायला सांगितलं.

तेवढ्यात वारा सुटला आणि एक पान फडफडलं. नॉर्बर्टने ते दाबून बसवलं. पण विम्याचा माणूस तो, संकटाच्या आधीच तजवीज करणारा! तो गॅरेजमध्ये धावला. दर्शनी दाराच्या बाहेरून जाळीचं दुसरं दार होतं, त्याची उन्हाळी जाळी काढून त्याने थंडीतली काच बसवली. कडं दोन दारांच्या मध्ये गच्च, सुरक्षित झालं.

"आत्तापासून काच लावतोयस?" मार्लिसने विचारलं.

"वारा बघितलास ना?"

"बघितला."

"मग?"

"कुठे काय? लाव की." आणि ती तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. तोंड का फिरवलं, हे नॉर्बर्टच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी असं लख्ख ऊन पडलं की लोक कोट काढून फिरायला लागले. क्लुगेंचं दर्शनी दार नेमकं दक्षिणेला. त्या दाराने कुणी येत-जात नसे, सगळा राबता गॅरेजमधून. दर्शनी दार आपलं नावापुरतं. म्हणून नॉर्बर्टने सासूबाईंना मुद्दाम फोन केला. "आई, आज पुढच्या दाराने या हं."

"पुढच्या?" इरमाबाई घाबरल्या. "का रे? काही वाईट बातमी आहे का?"

दुपारी बेल वाजली. नॉर्बर्ट टाय लावून तयारच होता. त्याने ऐटीत दार आत ओढलं आणि चर्रर्र आवाज झाला. दारावर उरली होती उघडीबोडकी रिंग. तिच्यापासून बाहेरच्या काचेपर्यंत वितळलेल्या गोंदाच्या लांबच लांब तारा, पिझ्झ्यावरच्या चीजला सुटतात तशा. पानं, भोपळे, रिबीन, सगळा संसार काचेला चिकटलेला. आणि मधल्या गोल भोकातून, हातात बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं धरलेल्या इरमाबाई आत बघत होत्या.

"दुपारी या दोन दारांच्या मध्ये इतकं तापतं की केक भाजून निघेल," मार्लिस मागून शांतपणे म्हणाली. "म्हणून तर मी काच नोव्हेंबरशिवाय लावत नाही."

"मग काल सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस का?"

नॉर्बर्टला रडूच यायचं बाकी होतं. त्याची ती खाट, ती खिडकी, सगळं डोळ्यांसमोरून चाललं.

"अगं बाई!" काचेपलीकडून इरमाबाईंचा आवाज आला. "मार्लिस, हे कुणी केलं? पानं थेट काचेवर! उन्हात कशी उजळलीयत बघ, आपल्या चर्चच्या रंगीत खिडकीसारखी. किती छान!"

"छान!" नॉर्बर्ट ओरडला. "म्हणाल्या! ऐकलंस ना?"

"ऐकलं," मार्लिस म्हणाली. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता. "जा बाबा शिकारीला."

इथे नॉर्बर्टने गप्प बसून बटाटे खायला हवे होते. पण जिंकलेल्या नवऱ्याला गप्प बसवणारं औषध अजून निघालेलं नाही. "त्याचं कसं आहे, आई," तो जेवता जेवता म्हणाला, "काच आणि ऊन यांचा मेळ साधावा लागतो. फार सूक्ष्म काम आहे. करणारा दुसरा कुणी या गावात तरी नाही."

इरमाबाई टेबलावरून उठल्या, आत जाऊन फोन करून आल्या.

"पाद्रीसाहेबांच्या बायकोला सांगून टाकलं. यंदा बाजारात तुझा क्लास. दिवसभर! त्या तर आत्ताच हरखून गेल्यायत."

नॉर्बर्टने काटा खाली ठेवला. "पण आई, त्या शनिवारी मी शिकारीला..."

"तेही सांगितलं मी त्यांना. म्हटलं, मित्रांना नाही म्हणता येत नाही म्हणून जातो बिचारा. एवढ्या वर्षांत घरी एक तरी हरीण आणलंय का त्याने?"

नॉर्बर्टने केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मार्लिस म्हणाली. "मी तर जा म्हटलंय."

त्या शनिवारी नॉर्बर्टने आधी टेबलं उचलली (तीही चुकली नाहीत) आणि मग हरणविधवांच्या घोळक्यात ग्लू गन घेऊन उभा राहिला. तळघरात ना काच, ना ऊन. बायका भक्तिभावाने त्या सूक्ष्म कामाची वाट बघत होत्या. तेवढ्यात लेरॉयचा फोन आला.

"नॉर्बर्ट! मारलं! एवढं मोठं हरीण मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि तेही कुठून? तुझ्या खाटेवर बसून, खिडकीतून!"

"खिडकीतून? इतक्या वर्षांत त्या खिडकीपाशी एक हरीण फिरकलं नाही!"

"तेच तर म्हणतोय आम्ही सगळे," लेरॉय आनंदाने म्हणाला. "यंदा घोरायला कुणी नव्हतं ना! ते राहू दे, तुझा तो क्लास दरवर्षी असतो का रे?"