स्थळ पाहण्यासाठी वेळ घ्या

हनुमंतराव दिवट्यांचं ठाम मत होतं, की सुप्यात जमीन विकायला अक्कल लागत नाही, मराठी लागते.

"साईट, लोकेशन, व्हिजिट असलं काही बोललं, की गिऱ्हाइकाला वाटतं हा माणूस पुण्याचा," ते सांगत. "आणि पुण्याचा वाटला, की गिऱ्हाईक खिशातला हात बाहेर काढत नाही."

शाळेत असताना ते वक्तृत्वात पहिले आले होते. तेव्हा मिळालेली ढाल अजून टीव्हीच्या वर टांगलेली होती आणि पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवली जायची. गिऱ्हाइकासमोर हनुमंतरावांची भाषा कडक इस्त्रीची असे. घाबरले की मात्र ती थेट सुप्याची होई, आणि त्यावरूनच घरच्यांना कळायचं, की काहीतरी बिनसलंय.

बिनसण्यासारखं घरात एकच होतं. त्यांची एकुलती एक निकिता नगरच्या कॉलेजातून कॉम्प्युटर शिकून आली होती आणि तिला नोकरीसाठी पुण्याला जायचं होतं. हनुमंतरावांना ती नजरेसमोर हवी होती. तसं सरळ म्हणायला जीभ रेटत नसे, म्हणून ते जेवताना म्हणायचे, "एक चांगलं स्थळ आलंय. दुचाकीवर जाऊन येता येईल इतकं जवळचं." की निकिता ताटावरून उठायची.

शेवटी दिवाळीत तह झाला. निकिताने वर्षभर घरी राहून अण्णांच्या प्लॉटच्या धंद्याची वेबसाईट चालवायची. अण्णांनी वर्षभर 'स्थळ' हा शब्द काढायचा नाही. काढला, तर ती त्याच आठवड्यात पुण्याला.

"आईच्या देखत शब्द देताय, अण्णा."

"दिला. दिवट्यांचा शब्द म्हणजे खरेदीखत."

आणि खरंच, पुढचे कित्येक महिने त्यांनी तो शब्द गिळून धरला. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तर ते घटाघटा पाणीच प्यायले.

निकिताने वेबसाईट झकास केली. तिच्यात वेळ ठरवायची सोयही बसवली. गिऱ्हाइकाने मोबाईलवर दिवस आणि वेळ निवडायची, की पुढचं सगळं आपोआप. आदल्या दिवशी आठवण जाणार, पाहणी झाली की 'कशी वाटली' म्हणून विचारणा जाणार. दर अर्ध्या तासाला एक पार्टी. 'भेट कोणासोबत' या चौकटीत फोटो लागत होता, तिथे तिने स्वतःचा लावला. खाली बटण: 'साईट व्हिजिट बुक करा'.

मग प्लॉटचे नवे फोटो टाकता यावेत म्हणून तिने अण्णांना पासवर्ड दिला. एवढी हुशार मुलगी, पण बापाला ओळखायला चुकली.

हनुमंतरावांनी चष्मा पुसला, एकदा ढालीकडे पाहिलं आणि मजकूर शुद्ध करायला बसले. साईट म्हणजे काय? स्थळ. 'स्थळ पाहण्यासाठी वेळ घ्या'. वा! आता तुम्ही विचाराल, तेव्हा दिलेला शब्द आठवला नाही का? नाही आठवला. घरात घालायची चप्पल वेगळी आणि बाहेरची वेगळी, तसं घरातलं स्थळ त्यांच्या डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात होतं. इतके महिने दाबून ठेवलेला शब्द मागच्या दाराने बाहेर पडला, आणि यांना वाटलं आपली प्रतिभा जागी झाली.

हात चालला होता तसं त्यांनी आणखी थोडं लिहिलं: 'देखणं, मोकळं, निर्वेध. आजवर कोणाच्या नावावर नाही. एकदा पाहाल तर दुसरीकडे जाणार नाही.' आठवणीच्या निरोपात घातलं: 'निर्णय घेणाऱ्या सर्व मंडळींना सोबत आणावं.' एक 'रद्द करा' नावाचं बटण होतं, ते तर त्यांनी बंदच करून टाकलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय आपणच कशाला करून द्यायची? उरलं एकच बटण. मान्य.

अशा रीतीने निकिताचा हसरा फोटो, त्याखाली देखणं, मोकळं, निर्वेध, आणि त्याखाली स्थळ पाहण्यासाठी वेळ घ्या, असं ते पान जगासमोर आलं. कोणा परोपकारी माणसाने ते उचलून समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकलं. तिथून ते जे सुटलं, ते जिल्हाभर, खर्ड्यापासून तिसगावापर्यंत पोचलं.

निकिताला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या मोबाईलवर बुकिंगची यादी इंग्रजीत यायची आणि तिथे 'साईट व्हिजिट'च दिसायचं.

"अण्णा, रविवार भरला! अकराला खर्ड्याची पार्टी आहे, सात माणसं. पाठोपाठ तिसगावची. त्यामागेही आहेत."

"मराठी," हनुमंतराव एवढंच म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

शनिवारी खर्ड्याहून फोन आला. छगनमामा म्हणून कोणी होते, भाच्यासाठी येत होते.

"पाव्हनं, उद्या स्थळ बघाया येतोय. मानसं जरा जास्ती हायेत, चालंल ना?"

"अवश्य आणा. थोरामोठ्यांनी पाहिलं की निर्णय लवकर होतो."

"आनि सातबारा? आनू का संगं?"

"छे, तुम्ही कशाला? सातबारा आम्ही दाखवू."

पलीकडे छगनमामा चाट पडले. हल्ली मुलगा दाखवायला नेला की आधी त्याचा सातबारा मागतात, आणि इथे मुलीचा बाप आपणहून आपला दाखवतोय! छगनमामांनी फोन ठेवला आणि भाच्याला नवा शर्ट घ्यायला पाठवलं.

रविवारी फाट्यावर जीप थांबली. आधी काठी उतरली, काठीमागून लंकाबाई उतरल्या, म्हणजे मुलाची आजी. मग छगनमामा, तीन बायका, एक काका आणि शेवटी भाचा ओम. ओम सुप्यातल्याच एका कारखान्यात कामाला होता, भाड्याच्या खोलीत राहायचा आणि घडीच्या खुणा न गेलेल्या शर्टात अवघडून उभा होता.

"आधी पाहून घेऊ, मग घरी चहा," हनुमंतराव म्हणाले आणि मंडळींना माळावर घेऊन गेले. पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेषा, चार कोपऱ्यांना चार दगड, मध्ये एक बाभूळ.

"हा कोपऱ्याचा. दोन्ही बाजूंनी रस्ता. पाणी लागेल, वीज आलेली आहे. हा मी तुमच्या मुलासाठीच राखून ठेवलाय."

लंकाबाईंनी छगनमामांकडे पाहिलं. छगनमामांनी बाभळीकडे पाहिलं.

"पोराच्या नावानं करनार म्हनता?" मामांनी हळूच विचारलं.

"मुलाच्या करा, सुनेच्या करा. बाईच्या नावाने केलं तर सरकारी खर्चही कमी येतो."

लंकाबाईंचे डोळे भरून आले. "आवं, आमाला काय बी नको हुतं," त्या म्हणाल्या. "पर तुमी एवढ्या मायेनं देताय तर न्हाई कसं म्हनावं?"

गिऱ्हाईक इतकं विरघळलेलं हनुमंतरावांनी कधी पाहिलं नव्हतं. मराठीचा विजय असो असं मनात म्हणत ते सगळ्यांना घरी घेऊन आले, चहाच्या आधी ढाल दाखवली आणि आत हाक मारली, "निकिता, चहा आण गं!"

निकिता ट्रे घेऊन आली आणि दारातच थबकली. ठेवणीतली लुगडी, पेढ्यांचा पुडा, हळदीकुंकवाची कुयरी, आणि खुर्चीच्या टोकावर बसून स्वतःच्या बुटांकडे बघणारा मुलगा. प्लॉट बघायला आलेली माणसं कुंकू घेऊन येत नाहीत, हे कळायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही.

"ठिव ते खाली आन् बस माझ्याजवळ," लंकाबाई म्हणाल्या. "नाव काय बाई? सैपाक येतो का?"

निकिताने ट्रे खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच हनुमंतराव घाबरले.

"अण्णा, तुम्ही शब्द मोडलात."

"म्या? कवा?" हनुमंतराव सुप्यावर आले. "म्या तर एक अक्षर काढलं न्हाई! ही गिऱ्हाइकं हायेत!"

"कोन गिऱ्हाईक?" छगनमामा उठून उभे राहिले.

तेवढ्यात बाहेर दुसरी जीप वाजली. फाट्यावर वाट बघून कंटाळलेली तिसगावची मंडळी घर विचारत विचारत आली होती. पुढे नवरदेवाचा चुलता, हातात पेढ्यांचा पुडा.

"दिवट्यांचं घर हेच ना? स्थळ बघायचा आमचा टाईम झालाय."

"आवं, आमचं अजून बघून व्हायचंय!" लंकाबाई काठी आपटून म्हणाल्या. "एका दिसात किती पोरं बोलावली हो तुमी? लायनी लावल्यात व्हय?"

निकिताची आई दारात उभी राहून एकदा या जीपकडे, एकदा त्या जीपकडे बघत होती. निकिता आत निघाली होती. ती कपाटावरची बॅग काढणार हे हनुमंतरावांना स्पष्ट दिसत होतं, आणि आपण नेमकं काय केलंय तेच कळत नव्हतं.

एवढ्यात छगनमामांच्या मोबाईलवर टिंग झालं. मामांनी मोबाईल हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, "स्थळ पाहिल्याबद्दल आभार. स्थळ कसं वाटलं? पाचपैकी तारे द्या."

सगळ्यांनी माना वळवून निकिताकडे पाहिलं.

"पोरीला तारं द्यायचं?" लंकाबाई म्हणाल्या. "ही कुठली रीत म्हनायची?"

निकिता मागे वळली. मामांच्या हातातून मोबाईल घेऊन तिने ते वाचलं, मग पान उघडलं, स्वतःचा फोटो पाहिला, खालचं देखणं-मोकळं-निर्वेध पाहिलं.

"अण्णा, साईटचं स्थळ कोणी केलं?"

हनुमंतरावांनी ढालीकडे पाहिलं. बाकी कोणाकडे बघायची सोय नव्हती.

"घरात काढायचा नाही म्हणून शब्द दिलात," निकिता म्हणाली, "आणि सगळ्या जिल्ह्याला वाटलात!" पुढचं तिला बोलता येईना. ती मटकन लंकाबाईंशेजारी बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ओमला सगळ्यांत आधी उमगलं, तोही हसला, आणि बऱ्याच वेळाने त्याचे खांदे खाली आले.

"म्हंजी त्यो प्लॉट पोरासाठी राखलेला न्हाई?" छगनमामांनी विचारलं.

"राखलेला आहे की," हनुमंतराव म्हणाले. "पण विकत."

मग सगळा खुलासा झाला. लंकाबाईंनी कपाळावर हात मारला, पण चहा दोनदा घेतला आणि निकिताच्या पाठीवरून हात फिरवला. तिसगावची मंडळी गाव आपल्याला हसेल म्हणून पेढ्यांसकट परत गेली. पुढे दिवसभर येतील त्या जीपा अडवायला हनुमंतराव उन्हात फाट्यावर उभे राहिले. कारण येणाऱ्यांना येणं रद्द करायची काही सोय नव्हती.

दोन दिवसांनी ओमचा निरोप आला. निकिताने वाचून दाखवला, "स्थळ पसंत आहे. पुढची बोलणी कधी करू?"

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. हनुमंतरावांना खुर्ची सापडेना.

"पुढे ऐका," निकिता म्हणाली. "कोपऱ्याचाच हवा. आजी म्हणते, सुप्यात स्वतःची जागा झाली की मुलगी कुठलीही मिळेल."

हनुमंतराव क्षणभर खूश झाले. वेबसाईटवरचं पहिलं गिऱ्हाईक! मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हंजी आपल्या प्लॉटवर हुबं ऱ्हाऊन दुसऱ्याची पोरगी बघनार? आपल्या पोरीत काय कमी हाय?"

निकिता मोबाईलवर बोटं चालवत होती. हनुमंतरावांच्या खिशात टिंग झालं. चष्मा लावून त्यांनी वाचलं: 'भेट: निकितासोबत, अर्धा तास. विषय: पुण्याची नोकरी. स्थळ: घरचा ओटा.'

"घरातल्या मानसानं येळ घ्यायची व्हय?"

"नाहीतर तुम्ही विषय बदलता, अण्णा."

हनुमंतरावांनी मोबाईल खाली केला. "तू गेलीस की घर लई मोकळं वाटंल गं," ते म्हणाले. इतकं साधं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बोललं असेल.

निकिता त्यांच्या शेजारी येऊन बसली. "जवळच आहे हो," ती म्हणाली. "दुचाकीवर जाऊन येता येईल इतकं."

त्यांनी मोबाईलवरचं पान वर सरकवलं, खाली सरकवलं, मोबाईल आडवा धरला.

"हे नको म्हनायचं बटन कुठं गेलं?"

"एका शहाण्या माणसाने काढून टाकलंय."

हनुमंतरावांनी चष्मा पुसला आणि 'मान्य' दाबलं. लगेच उत्तर आलं: 'आभार. निर्णय घेणाऱ्या सर्व मंडळींना सोबत आणावं.'

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "जरा वट्यावर ये. निकीचं ठरवायचंय."

"तुम्ही बसा ठरवत," आतून आवाज आला. "मला पुण्याला न्यायची चटणी बरणीत भरायचीय."