कांबळे सर आणि स्वयंपाकघराचा लोड

कसबा बावड्यात आमच्या कॉलनीत कुणाचंही नवं घर बघायला गेले, की कांबळे सर चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरायचे. ओट्यामागची भिंत बोटानं टकटक वाजवायचे आणि घरच्या बाईला विचारायचे, "लोड किती?"

बाई बिचारी म्हणायची, "बसा की सर, पाणी देते."

"पाणी नगं. एका टायमाला काय काय चालतंय ते सांगा."

सर आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवून रिटायर झाले होते, पण वर्ग काही सुटला नव्हता. त्यांना माणसंसुद्धा वॅटमध्येच दिसत. शेजारच्या पाटलांनी मुलीचं लग्न ठरवलं, तर होणारा जावई आणि विहीणबाई बघून सर म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पर त्येची आई आन् तुमची लेक, दोघीबी गिझर हायत. एका लाइनीवर चालायची न्हाईत." पाटील कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढं लेक-जावई सासूपासून वेगळे राहायला गेले, तेव्हा सरांनी पाटलांना भर रस्त्यात थांबवून अभिनंदन केलं. "लाइन सेपरेट केली. शाणी पोरं!"

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी घर बांधायला काढलं. आमचा वायरमन पोपट म्हणाला, "गिझर धरून स्वयंपाकघराला एक लाइन बास की. सगळीकडं तसंच देतोय."

नेमके सर माझ्या मागं उभे होते.

पुढच्या रविवारी त्यांनी आमचं अख्खं घर गिलावा न झालेल्या स्वयंपाकघरात गोळा केलं. विटांवर खडूनं लिहिलं होतं, मिक्सर, फ्रीज, ओव्हन. गिझर पलीकडं न्हाणीत बसणार होता, पण सरांनी त्यालाही कोपऱ्यात जागा दिली.

"हं, आता सकाळ झाली. चालू करा."

माझी बायको हायस्कूलात संस्कृत शिकवते. तिला मिक्सरपुढं उभं केलं. आईला ओव्हन दिला.

"मी त्येला शिवत न्हाय," आई म्हणाली.

"मग तुम्ही गिझर व्हा, आक्का."

आई कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. चेहरा तापलेलाच होता.

"वहिनी, डब्याची घाई हाय. मिक्सर लावला?"

"लावला."

"आवाज न्हाय आला."

"घर्रर्र," संस्कृतच्या बाई म्हणाल्या. शिडीवर बसलेल्या पोपटाला हसू आवरेना.

"आता ओव्हन. केक ठेवा."

"सकाळी सकाळी केक कोण करतंय?" बायको वैतागली.

"ह्येच पायजे हुतं मला! म्हंजे सकाळी ओव्हन बंद. सगळं एकदम चालत न्हाय, मग लोड कशाला वाढवून धरायचा?"

"दिवाळीला चालतंय की," कोपऱ्यातून गिझर बोलला. "पहाटं आंघोळीचं पाणी, तवाच नानकटाई ओव्हनात, आन् चटणी मिक्सरात. न्हाय व्हय?"

 सरांनी आईला चक्क हात जोडले. "आक्का, वायर जळाली असती की हो!"

त्यांनी तिथंच पोपटाला गिझरची लाइन वेगळी, ओव्हनची वेगळी आणि बाकीची तिसरी काढायला लावली. पोपट कुरकुरला, पण काढली.

वास्तुशांतीला सर आले. "पूजेला बसत न्हाय, लोडला बसतो," म्हणून बोर्डापाशी खुर्ची टाकली आणि गिझर, ओव्हन, मिक्सर सगळं एकदम लावायला सांगितलं. फ्यूज उडाला नाही, काही तापलं नाही. मग पाहुण्यांच्या गडबडीत ते न जेवताच निघून गेले.

संध्याकाळी मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं आणि आत मिक्सर चालला होता.

"चटणी का सर?" म्हणत मी आत डोकावलो.

सर मिक्सरच्या झाकणावर हात ठेवून उभे होते. भांडं रिकामं होतं. आत नुसतं पातं फिरत होतं.

मला बघून त्यांनी बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं.

"मालनचा हाय," ते म्हणाले. मालनवहिनी म्हणजे त्यांची बायको. आदल्या वर्षीच त्या गेल्या होत्या. "नुसता ठेवला तर मोटर धरती. म्हणून रोज वाइच फिरवतो."

मोटर जाम व्हायला महिनोन् महिने लागतात, एवढं मलाही कळत होतं. मी डबा ओट्यावर ठेवला आणि आलो.

घरी बायकोला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखट एका वाडग्यात घेतलं आणि सरांच्या दारात गेली. मी मागोमाग होतोच.

"सर, आमच्या मिक्सरचं भांडं गळतंय. एवढी चटणी वाटून देता?"

आमचा मिक्सर कोरा करकरीत होता, आणि ते सरांनी स्वतः बघितलं होतं. एरवी कुणी असं म्हटलं असतं, तर पकड घेऊन निघाले असते. पण ते वाडगा घेऊन आत गेले. मग परत बाहेर आले.

"वहिनी, बारीक वाटू का भरड?"

"मालनवहिनी कशी वाटायच्या?"

सर म्हणाले, "भरड."

"मग तशीच वाटा."