बिनपाण्याची धुलाई

"घामच लई येतो, दुसरं काय," पदरानं मान घासत बायनाबाई पुटपुटली. टँकरच्या रांगेत तिच्या पुढं उभी असलेली सिंधुबाई मागं न बघताच म्हणाली, "माझंबी तेच माय. औंदा घामच हिरवा येतोय."

सोनं गंजत नाही, काळं पडत नाही आणि माणसाच्या कातडीवर डाग पाडत नाही, हे शास्त्र सर्वमान्य आहे. पण शास्त्र लिहिणारी मंडळी वडवणी तालुक्यात लागोपाठ तीन दुष्काळ राहिलेली नसावीत. इथल्या एका गावात (नाव सांगितलं तर सोनाराचं गिऱ्हाईक तुटेल) त्या साली सोनं घालणाऱ्या दर दहा बायकांपैकी नऊ जणींच्या माना हिरवट झाल्या होत्या. दहावी मफलर बांधायची. (एप्रिलात.)

गावचं सोनं कुठं गेलं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. घरोघरी बोअरची गाडी येऊन गेली होती, धुळीचा लोट उडाला होता आणि सोनं जमिनीखाली सहाशे फुटांवर सुरक्षित जमा झालं होतं. इतकी खोल तिजोरी कुठल्या बँकेकडं नाही.

बायनाबाईची बोरमाळ दुसऱ्या बोअरला गेली. ती मूळची तिच्या सासूची, तुळजाबाईची. सून उंबरा ओलांडून आत आली त्याच दिवशी म्हातारीनं स्वतःच्या गळ्यातली काढून तिच्या गळ्यात घातलेली. नवऱ्यानं, म्हणजे राधाकिशननं, बीडहून हुबेहूब तशीच एक ग्रॅमवाली आणून दिली. म्हातारीला कळलं तर ती अन्नावरची वासना सोडेल, म्हणून दोघांनी तोंडं शिवून घेतली. बोअर कोरडं गेलं. म्हातारीची नजर, सुदैवानं, आधीच अधू झाली होती.

आता, पाऊस जितका कमी तितकं सहकाराचं पीक जोमदार, हा या भागाचा अनुभव आहे. दुधाची संस्था झाली (म्हशी विकल्यावर), पाणीवापर संस्था झाली (तळं आटल्यावर), आणि त्याच ओघात महिला सहकारी दागिने निगा संस्था, मर्यादित, स्थापन झाली. अध्यक्ष कौशल्याबाई, कारण त्यांचा चपलाहार गावात सर्वांत मोठा. सचिव बायनाबाई, कारण तिचं अक्षर सुवाच्य. दागिन्यांची घरच्या घरी शास्त्रशुद्ध स्वच्छता करणे, हा संस्थेचा उद्देश होता आणि पद्धतही वरून ठरवून आली होती: कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करावा, दागिना घटकाभर भिजवावा, मऊ ब्रशानं फटीतला मळ काढावा, मलमलीनं टिपावं, मोती मात्र पाण्यात घालू नये.

पहिल्या बैठकीत पद्धत वाचून झाल्यावर सगळ्यांनी आधी आपापला पदर मानेभोवती ओढून घेतला. मग सिंधुबाईनं विचारलं, मोत्याला जे लागू ते सोन्याला का नको? या एका प्रश्नातून पुढं फार मोठं संशोधन झालं. सरपण वाचवावं म्हणून कोमट पाणी रद्द झालं. रिठा केसांना लागतो, म्हणून रिठा रद्द. ब्रश गावात दातांनाच पुरत नव्हते. पाण्याचं तर नाव काढणंच पाप. उरलं मलमलीचं फडकं. पण घासल्यानं सोन्याचं मन दुखावतं, असं अध्यक्षबाईंनी चपलाहार सावरत सांगितलं आणि फडकंही रद्द झालं. अंतिम ठराव असा: दागिना गळ्यातच ठेवून, सावलीत बसून, त्याच्याकडं आपुलकीनं पाहावं. गरज वाटल्यास फुंकर घालावी. (हळू.)

ठराव बायनाबाईनं सुवाच्य अक्षरात लिहिला आणि कितीतरी दिवसांनी तिला भाकर गोड लागली.

पण चांगलं काम लपून राहत नाही. पाणी न वापरता चालणारी जिल्ह्यातली एकमेव धुलाई म्हणून सहकार खात्याच्या स्पर्धेत संस्थेचा पहिला नंबर आला. बक्षीस काय, तर एक टँकर पाणी, खास दागिने धुण्यासाठी. अट एकच: सहकार खात्यातल्या मॅडमसमोर आधी धुलाईचं प्रात्यक्षिक करायचं, उरलेलं पाणी मग गावानं न्यायचं.

टँकर आला. मारुतीच्या पारापर्यंत हंड्यांची रांग लागली. मॅडमच्या पुढ्यात परात मांडली, रिठ्याचा फेस परातीच्या काठाला लागला, आणि गावात एकाएकी मानपान फार वाढला. अध्यक्षबाई म्हणाल्या, पहिला मान सचिवांचा. बायनाबाई म्हणाली, अध्यक्षांच्या आधी सचिवाचं सोनं भिजलं तर लोक काय म्हणतील? सिंधुबाईला वडीलधाऱ्यांचा मान आठवला, आणि वडीलधाऱ्यांना माहेरवाशिणींचा. ऊन डोक्यावर आलं. टँकरच्या तोटीतून एकेक थेंब धुळीत गळत होता आणि रांगेतली पोरं त्या थेंबाकडं बघत होती.

तेवढ्यात काठी टेकत तुळजाबाई पुढं आली. तिनं चाचपडत सुनेचा गळा शोधला आणि बोरमाळ चिमटीत धरली. बायनाबाईनं घाईनं परात जवळ ओढली.

"आत्याबाई, भिजवतेच हाय मी," ती कशीबशी म्हणाली.

"नगं. रंग जाईल," म्हातारी म्हणाली. "माझी दुसऱ्या बोअरला गेली, ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं तुमाला?"

"खुंटीनं. आंघोळीला जाताना तू माळ काढून खुंटीला अडकवाया लागलीस, तवाच कळलं. खऱ्याला कोण काढून ठिवतं, बायने? लई दिस झाले, मीच म्हणत होते, पोरीला लाज वाटंल, कावून बोलावं." रांगेत खसखस पिकली, तशी ती तिकडं वळली. "आन् तुमी कावून हसताव? दिसत न्हाई मला, पर गल्लीतल्या समद्या खुंट्या वाजताना ऐकू येत्यात. धुवाया कुणाकडं कायबी न्हाई. हंडे भरा."

कौशल्याबाईंनी चपलाहार पदराखाली घेतला. मॅडमनी आपलं मंगळसूत्र आधीच पदराखाली घेतलं होतं. ड्रायव्हरनं तोटी सोडली. पहिला हंडा बायनाबाईचा भरला, आणि तो उचलताना तिनं मान झाकली नाही.

दागिन्यांची घरगुती निगा शिकायच्या आशेनं ज्यांनी इथवर वाचलं, त्यांनी रिठे आणायची घाई करू नये. आधी एवढंच आठवून पाहावं: आज सकाळी आंघोळ करताना तुमची पोत गळ्यात होती, की खुंटीला?