डबीतला वाद्यवृंद

"आता माझ्या संगीताला कुणी रोखू शकत नाही!" मास्तरांनी काड्यापेटीएवढी नवी एसएसडी डिस्क पत्नीच्या नाकासमोर नाचवली. "अख्खा वाद्यवृंद आहे यात. व्हायोलिनं, तुताऱ्या, नगारे! खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून साठवलाय. आपण नुसती कीबोर्डची पट्टी दाबायची, की मंडळी हजर!"

"जेवायला थांबणार नाहीत ना? मग असू देत," पत्नी म्हणाली.

मास्तर सिनेमांना संगीत देत. त्यांच्या जुन्या डिस्कवर व्हायोलिनं वाजता वाजता अडखळत, त्यामुळे मागच्या सिनेमातली लढाई पार मिळमिळीत झाली होती. दिग्दर्शकाने बजावलं होतं, "या खेपेला पडदा दणाणला पाहिजे. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." झालं! मास्तर एसएसडीच्या शोधाला लागले. वेग किती, लवकर तापते का, हातातून पडली तर टिकते का! लेकीसाठी स्थळ बघताना सासरेबुवांनीही एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या, आणि त्याचा पश्चात्ताप ते अधूनमधून बोलून दाखवत.

लढाई ऐकवायचा दिवस उजाडला. एसएसडीच्या खोक्यातली जाड, आखूड वायर काही केल्या सापडेना. टेबलावर एक दुसरीच लोळत होती.

"तोंड बसलं की झालं. वायर ती वायर!" म्हणत मास्तरांनी तीच एसएसडीला लावून संगणकात खुपसली.

आणि वाद्यवृंद गोगलगायीवर बसून निघाला. किती सूर आले ते दाखवणारी संगणकावरची रेघ हलायलाच तयार नाही!

"तापली असेल," म्हणत पत्नीने पंखा आणून लावला. स्वरलिपीचे कागद खोलीभर उडाले. मास्तर कागद गोळा करायला पलंगाखाली शिरले, तेवढ्यात दिग्दर्शक दारात!

"चहा घेता ना?" पत्नीने एक चहा पाजला, मग दुसरा. तिसऱ्याला दिग्दर्शक उठूनच उभा राहिला. "मास्तर, चहा पुरे. लढाई लावा!"

तोवर जेमतेम एक बासरी आली होती. घोडे उधळले, तलवारी भिडल्या, आणि त्यात एकटी बासरी हळूहळू वाजत राहिली. गेलं काम हातचं! मास्तरांनी डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा दिग्दर्शक डोळे पुसत होता. "नगारे कुणीही बडवतो हो! तुम्ही रणात पडलेल्या पोराची आई ऐकवलीत!"

"हो... म्हणजे, तोच विचार होता," मास्तर म्हणाले.

"सगळा सिनेमा असाच करा. नुसती बासरी! तो व्हायोलिनांचा गोंगाट असेल तर पुसून टाका."

दिग्दर्शक बूट घालत असतानाच आतल्या खोलीतून मुक्कामाला असलेले सासरेबुवा बाहेर आले. हातात फोन, फोनला जाड, आखूड वायर.

"जावईबापू, सकाळी तुमच्या खोक्यातली ही वायर घेतली बरं का. माझी चार्जिंगची टेबलावर ठेवलीय. जुनी आहे, जरा रेंगाळते. ही हवी असेल तर घ्या परत."

मास्तरांनी एकदा दिग्दर्शकाकडे बघितलं.

"नको बाबा, राहू द्या तुमच्याकडेच," ते घाईघाईने म्हणाले. "मला तुमचीच लाभली!"